घरचं पेय, गावचं पाणी

वणीहून आदिलाबादकडे जाणारी रेल्वे कायर मागे टाकून मुकुटबनला येते. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, झरी-जामणी तालुक्यातलं हे गाव. पैनगंगा ओलांडली की तेलंगणा. शिवारात कापूस, तूर, सोयाबीन. जमिनीखाली चुनखडी आणि कोळसा. 2022 साली इथे वर्षाला 39 लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना सुरू झाला आणि गावाचं नाव शेअर बाजाराच्या बातम्यांत झळकू लागलं. आजूबाजूच्या जंगलपट्ट्यात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि मे महिन्यात तेंदूपत्ता वेचायला माणसं पहाटेच बाहेर पडतात.

या सगळ्या कामांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे ऊन. मैदानी भागात पारा 45 अंशांवर गेला की हवामान खातं उष्णतेची लाट मानतं आणि 47 वर गेला की तीव्र लाट. विदर्भाच्या पूर्वेकडच्या या पट्ट्यात मे महिन्यात असे दिवस नवे नाहीत. 25 मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे नऊ दिवसांचा कडक उन्हाचा काळ, सुरू होतो. तेव्हाच नांगरलेल्या शेतात काडीकचरा वेचणं चालू असतं, खाणीवर पाळ्या चालू असतात आणि स्टेशनवर मालगाड्याही भरल्या जातात. अशा गावात घरी काय प्यायलं जातं हा प्रश्न हौसेचा उरत नाही. तो तब्येतीचा होतो, कधीकधी जिवाचाही.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या उष्माघातविषयक सूचनांमध्ये ओआरएसच्या जोडीला घरगुती पेयांची नावं दिलेली आहेत: लस्सी, ताक, लिंबूपाणी, भाताची पेज. म्हणजे आजीच्या माठाशेजारी जे असायचं, ते सरकारी पत्रकातही आलं. पण घरी केलं म्हणून पेय आपोआप आरोग्यदायी होत नाही. त्यात चार गोष्टींचा हिशोब असतो: पाणी, मीठ, गोडवा आणि चोथा. मुकुटबनसारख्या गावात यातला पहिला हिशोब सर्वांत महत्त्वाचा.

आधी पाणी

यवतमाळ जिल्ह्याच्या या भागातल्या भूजलात फ्लोराइड आहे. शेजारच्या पांढरकवडा परिसरातल्या विहिरी-बोअरवेलच्या पाण्याचा अभ्यास 2007 मध्ये ‘करंट सायन्स’ या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात काही ठिकाणचं फ्लोराइड सुरक्षित मर्यादेच्या अनेक पट आढळलं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या एका लिटर पाण्यात फ्लोराइड 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. त्याहून जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर आधी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात. पुढे सांधे आखडतात, पाठ वाकते. हाच फ्लोरोसिस.

फ्लोराइडला रंग नाही, वास नाही, पिण्याच्या पाण्यात जेवढं असतं तेवढ्यानं चवही कळत नाही. त्याहून मोठी अडचण अशी की पाणी उकळून ते जात नाही. जंतू मरतात, वाफ उडून जाते आणि फ्लोराइड होतं तेवढंच उरतं. पाणी आटवत ठेवलं तर उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण उलट वाढतं. तासभर उकळून आटवलेला काढा किंवा दिवसभर चुलीवर राहिलेला चहा या पाण्याचा असेल, तर तो पाण्यापेक्षाही जड पडतो. चहाच्या झाडाचा स्वभावच जमिनीतलं फ्लोराइड पानात साठवण्याचा आहे. त्यामुळे अशा गावात कोरा चहा दिवसातून पाच-सहा वेळा पिणं म्हणजे त्यात आणखी भर घालणं.

हीच गोष्ट काळ्या मिठाची. फ्लोरोसिसवर अनेक दशकं काम केलेल्या दिल्लीच्या डॉ. ए. के. सुशीला रुग्णांना कोरा चहा आणि काळं मीठ बंद करायला सांगतात, कारण त्या खनिज मिठातच फ्लोराइड भरपूर असू शकतं. मठ्ठ्यात, जलजिऱ्यात, शिकंजीत काळं मीठ लागतंच असा समज आहे. फ्लोराइडच्या पट्ट्यात मात्र तिथे साधं आयोडीनयुक्त मीठ वापरावं. चव भाजलेल्या जिऱ्यानं आणि आल्यानं भरून निघते.

पाणी तपासून घेणं सोपं आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने गोळा करतो आणि ते भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत जातात. आपल्या हातपंपाचा किंवा बोअरचा अहवाल ग्रामपंचायतीत विचारता येतो. फ्लोराइड जास्त निघालं तर गावातला दुसरा, सुरक्षित स्रोत पिण्यासाठी आणि पेयांसाठी राखून ठेवावा. धुण्या-भांड्यांना पहिला चालतो. फ्लोराइड काढण्याची एक पद्धत विदर्भातूनच देशभर गेली. नागपूरच्या नीरी या संस्थेनं 1970 च्या दशकात तुरटी आणि चुना वापरून ते गाळात बसवण्याची रीत विकसित केली. ती ‘नलगोंडा तंत्र’ म्हणून ओळखली जाते. पण तुरटी-चुन्याचं माप पाण्यागणिक बदलतं, म्हणून हे काम तपासणी झाल्यावर आणि जाणकाराच्या देखरेखीखालीच करायचं.

जंतूंसाठी पाणी उकळायचं असेल तर खळखळ उकळी आल्यावर एखादं मिनिट पुरतं. झाकण ठेवून उकळावं आणि झाकूनच गार करावं.

मीठ किती, साखर किती

उन्हात शरीर थंड राहतं ते घाम वाळल्यामुळे. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. कष्टाच्या कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो आणि त्याबरोबर मीठही जातं. प्रमाण माणसागणिक बदलतं, पण लिटरमागे सुमारे एक ग्रॅम सोडियम, म्हणजे अडीच ग्रॅम मीठ, हा ढोबळ अंदाज धरता येतो. ही भरपाई नुसत्या पाण्यानं होत नाही. दिवसभर नुसतं पाणी पीत राहिलेल्या मजुराच्या पायात संध्याकाळी गोळे येतात, डोकं जड होतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं.

प्यायचं कसं, याचंही गणित आहे. अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेचा सल्ला असा: उन्हात काम करणाऱ्यानं दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, म्हणजे साधारण 240 मिलिलिटर, पाणी प्यावं आणि तासाला दीड लिटरपेक्षा जास्त पिऊ नये. तहान लागेपर्यंत थांबायचं आणि मग तांब्यावर तांब्या रिचवायचा, ही रीत शरीराला झेपत नाही. काम लांबलं तर मधल्या पेल्यांत ताक किंवा मीठ घातलेलं लिंबूपाणी असावं आणि जेवण चुकवू नये. भाकरी, वरण आणि लोणच्यातूनही मीठ मिळत असतं.

साखरेचं काम मात्र वेगळं आहे आणि ते फार उशिरा कळलं. 1960 साली प्राग इथल्या परिषदेत रॉबर्ट क्रेन या जीवरसायनशास्त्रज्ञानं मांडलं की आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत जातात. या जोडीमागोमाग पाणीही ओढलं जातं. म्हणून मिठाच्या पाण्यात थोडी साखर असली की ते जास्त वेगानं रक्तात पोचतं.

या ज्ञानाची खरी कसोटी 1971 मध्ये लागली. बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा पाण्यात मिसळून ते पिंपांत भरून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूंचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्याही खाली आलं. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सायट्रेट असतं. पाकीट हाताशी नसेल तर घरी एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावं. चमचा सपाट हवा, शीग लावलेला नको. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला धोका असतो आणि साखर जास्त झाली तर आतड्यात पाणी उलटं ओढलं जाऊन जुलाब वाढतात. म्हणूनच बाटलीबंद गोड शीतपेय जुलाब झालेल्या मुलाला देऊ नये. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला दर पातळ शौचानंतर 50 ते 100 मिलिलिटर आणि त्यापुढच्या मुलाला 100 ते 200 मिलिलिटर, घोट घोट करून द्यावं. केलेलं पाणी 24 तासांत संपवायचं, उरलं तर टाकून द्यायचं.

बाजारातल्या एका फसगतीला अलीकडेच आळा बसला. नावात ‘ओआरएस’ आणि आत भरपूर साखर, अशी पेयं औषधाच्या दुकानांतही विकली जात होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध कित्येक वर्षं लढा दिला. अखेर ऑक्टोबर 2025 मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं आरोग्य संघटनेच्या सूत्राबाहेरच्या पेयांना हे नाव वापरण्यास मनाई केली. मुकुटबनच्या दुकानात माल नागपूरहून आलेला असो की पैनगंगेपलीकडून, पाकिटाच्या मागची घटकांची यादी वाचण्याची सवय प्रत्येक घरानं लावून घ्यावी.

रोजच्या पेयांत साखरेची मर्यादा अजून कडक हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभरात वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून 25 ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 च्या आहार-मार्गदर्शनात उसाच्या रसाचा आकडा दिला आहे: 100 मिलिलिटरमागे 13 ते 15 ग्रॅम साखर. 250 मिलिलिटरच्या एका ग्लासात ती 32 ते 37 ग्रॅम होते. दिवसाची मर्यादा एका ग्लासातच ओलांडली जाते. गुळाचंही फार वेगळं नाही. त्यात थोडी खनिजं असली तरी मुख्यतः साखरच आहे. मधुमेही माणसानं ‘गुळाचं आहे, चालतं’ म्हणणं चुकीचं.

ताक आणि आंबील

उन्हाळ्यातलं सगळ्यात भरवशाचं पेय ताकच. वाटीभर, म्हणजे 200 ग्रॅम, घरच्या दह्यात 600 मिलिलिटर गार पाणी घालून रवीनं घुसळावं. अर्धा चमचा मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, किसलेलं आलं, कोथिंबीर, हवी तर कढीपत्त्याची दोन पानं चुरडून घालावीत. चार ग्लास होतात. एका ग्लासात पाऊण ग्रॅम मीठ येतं, साखर वरून काहीच नाही. दही लागताना दुधातली काही साखर जिवाणू खाऊन टाकतात, म्हणून दूध न पचणाऱ्या बऱ्याच जणांना ताक पचतं. दुधातलं कॅल्शियम मात्र दह्यात शाबूत राहतं. फ्लोराइडच्या गावात याला दुप्पट मोल आहे, कारण आहारात कॅल्शियम कमी असेल तर फ्लोराइडचा हाडांवरचा मारा जास्त जाणवतो.

ताकात ज्वारीचं पीठ शिरलं की आंबील होते. पूर्वी या पट्ट्यात ज्वारी हेच मुख्य धान्य. नदीपलीकडे आदिलाबादच्या गोंडांमध्ये 1940 च्या दशकात राहून मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी जे लिहून ठेवलं, त्यातही ज्वारीवर चालणारं जगणं दिसतं. तेलंगणात आजही पातळ आंबिलीला ‘अंबली’ म्हणतात आणि उन्हाळ्यात ती रस्त्याकडेला विकली जाते. इकडे कापूस आणि सोयाबीन वाढले, ज्वारीचा पेरा घटला आणि आंबीलही घरोघरच्या रोजच्या वापरातून मागे पडली. आता पिठाच्या गिरणीवर ज्वारी पुन्हा दळली जाते ती बऱ्याचदा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून.

कृती फार सोपी. रात्री चार मोठे चमचे, म्हणजे सुमारे 40 ग्रॅम, ज्वारीचं पीठ एक वाटी ताकात कालवून झाकून ठेवावं. सकाळी त्याला हलका आंबूस वास येतो. तीन वाट्या पाण्याला उकळी आणून त्यात हे मिश्रण धार धरून सोडावं, गुठळी होऊ नये म्हणून सतत ढवळावं आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटं शिजवावं. गार झाल्यावर मीठ, ठेचलेला लसूण, जिरं आणि वरून पुन्हा ताक. सोबत कच्चा कांदा.

40 ग्रॅम ज्वारीतून साधारण 130 किलोकॅलरी, चार ग्रॅम प्रथिनं आणि तेवढाच चोथा मिळतो. ज्वारीतलं लोह एरवी फायटिक आम्लाला बांधलेलं असतं. रात्रभर आंबवल्यानं ते आम्ल कमी होतं आणि लोह शरीराला जास्त मिळतं. सकाळी सहाला तेंदूच्या जंगलात जाणाऱ्या बाईला चहा-बिस्किटापेक्षा तांब्याभर आंबील कितीतरी वेळ पुरते. पोट भरतं, मीठ मिळतं, पाणीही मिळतं. तीन कामं एकाच भांड्यात होतात.

कैरी, चिंच, बेल, अंबाडी

पन्ह्याची कैरी उकडूनही घेतात आणि चुलीच्या निखाऱ्यात भाजूनही. भाजलेल्या कैरीला धुराचा हलका वास लागतो, त्याची चव निराळीच. दोन मध्यम कैऱ्यांच्या सुमारे 250 ग्रॅम गरात 100 ग्रॅम गूळ, पाऊण चमचा मीठ, वेलची आणि सवा लिटर पाणी घातलं की सहा मोठे ग्लास होतात. एका ग्लासात सोळा-सतरा ग्रॅम गूळ येतो. अनेक घरांत कैरीच्या गराइतकाच गूळ घालतात. तिथे हाच आकडा चाळिशीवर जातो. गूळ कमी करायचा असेल तर गोडीवर आलेली पाडाची कैरी निवडावी.

चिंचेची गोष्ट या भागासाठी खास आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी शाळकरी मुलांना रोज 10 ग्रॅम चिंच 18 दिवस देऊन पाहिली. मुलांच्या लघवीतून बाहेर पडणारं फ्लोराइड लक्षणीय वाढलं. हा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं थोडी होती आणि दिवसही थोडे, त्यामुळे चिंच म्हणजे फ्लोरोसिसवरचं औषध असं म्हणता येत नाही. सुरक्षित पाण्याला ती पर्याय नाहीच. पण झरी-जामणीच्या बांधाबांधावर चिंच उभी आहे आणि वर्षाची चिंच घरात साठवलेली असते. 40 ग्रॅम चिंच कोमट पाण्यात भिजवून कोळावी, पाणी वाढवून 800 मिलिलिटर करावं, त्यात 40 ग्रॅम गूळ, अर्धा चमचा मीठ आणि जिरेपूड घालावी. चार जणांना पुरतं आणि प्रत्येकाच्या पोटात सुमारे 10 ग्रॅम चिंच जाते.

पिकलेल्या बेलाचं सरबत करताना घाई चालत नाही. गर काढून लिटरभर पाण्यात दोन तास भिजत ठेवावा, हातानं कुस्करावा आणि चाळणीतून गाळावा. मिक्सरमध्ये फिरवला तर बिया फुटून कडवटपणा उतरतो. चांगलं पिकलेलं बेलफळ मुळातच इतकं गोड असतं की साखर लागत नाही.

अंबाडीचा हंगाम हिवाळ्याचा. विदर्भात अंबाडीची भाजी सगळ्यांच्या ओळखीची. लाल अंबाडीच्या फुलाखालच्या मांसल पाकळ्या मात्र वाळवून वर्षभर ठेवता येतात. 20 ग्रॅम वाळलेल्या पाकळ्या लिटरभर पाण्यात पाच मिनिटं उकळून पंधरा मिनिटं झाकून ठेवल्या की गर्द लाल पाणी उतरतं. त्यात चवीपुरता गूळ घालून गार करून पितात. मेक्सिकोत आणि पश्चिम आफ्रिकेत हेच सरबत सणासुदीला असतं. 2010 मध्ये अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात 65 जणांवर झालेल्या चाचणीत रोज तीन कप अंबाडीचा चहा सहा आठवडे पिणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी 7 अंकांनी उतरला; नुसतं रंगीत पाणी पिणाऱ्यांचा जेमतेम सव्वा अंकानं. चाचणीतलं पेय अर्थातच बिनसाखरेचं होतं. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारून मगच हे नियमित घ्यावं.

कैरी, चिंच, अंबाडी, ताक ही सगळी आंबट पेयं आहेत. ती कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात ठेवू नयेत, कारण आंबटपणानं तांबं पेयात उतरून मळमळ आणि उलट्या होतात. ॲल्युमिनियमची पातेलीही टाळावीत. स्टील, काच आणि माती उत्तम.

मिक्सर आल्यावर

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या रसीन गावी स्टीफन पॉप्लॉस्की यांनी 1922 मध्ये भांड्याच्या तळाशी फिरतं पातं बसवलं. त्यांना दुकानात माल्टेड दूध घुसळायचं होतं. तिथून पुढे फळं आणि दही एकत्र फिरवून दाट पेय करण्याची रीत निघाली, तीच स्मूदी. भारतात हे पातं घराघरांत पोचलं ते चटणी-वाटणासाठी. 1963 मध्ये अभियंता सत्यप्रकाश माथुर यांनी भारतीय स्वयंपाकाला झेपेल अशा दणकट मोटरचा ‘सुमीत’ मिक्सर बाजारात आणला. मुकुटबनच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरनंही आधी शेंगदाण्याचं कूट केलं. मग उन्हाळी सुट्टीत मुलांनी त्यात केळं आणि दूध टाकलं.

रसापेक्षा स्मूदी चांगली, कारण चोथा फेकला जात नाही. एक ग्लास संत्र्याचा रस काढायला तीन-चार नागपुरी संत्री लागतात. फोडी सोलून खायला बसलं तर दोनमध्येच पोट भरतं. पण स्मूदीतही फळ चावावं लागत नाही, म्हणून नकळत जास्त पोटात जातं. साधा नियम असा ठेवावा: ताटात जेवढं फळ खाऊ तेवढंच एका ग्लासात घालावं, साखर-मध वरून घालू नये आणि ती जेवणाच्या जागी घ्यावी, जेवणानंतर नाही.

गावात मिळणाऱ्या वस्तूंतून उत्तम स्मूदी होते. एक केळं, वाटीभर दही, एक चमचा भाजून कुटलेलं जवस, अर्धी वाटी पाणी आणि चिमूटभर वेलची. जवसातल्या ओमेगा-3 मेदाम्लाचा उपयोग व्हायचा तर ते कुटलेलंच हवं, अख्खी बी बरीचशी तशीच बाहेर पडते. पपई, दही, आलं आणि लिंबू हा दुसरा मेळ. पेरू फिरवला तर बिया राहतात, म्हणून तो गाळावा लागतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जंगलातून सीताफळं येतात. त्यांचा गर बिया काढून गार दुधात हातानंच मिसळावा, मिक्सरला बी लागू देऊ नये. सीताफळाच्या बिया विषारी आहेत. आंबिलीचा उरलेला दाट गोळाही ताक घालून मिक्सरमध्ये फिरवला तर शहरातल्या उपाहारगृहात मिलेटच्या नावानं विकतात त्या तोडीची स्मूदी घरात तयार होते.

केळ्याबाबत एक नवी माहिती. केळं कापल्यावर ज्या विकरामुळे काळं पडतं, तेच विकर गडद रंगाच्या बेरीफळांमधली फ्लेव्हनॉल ही उपयुक्त द्रव्यं मोडून टाकतं. 2023 मध्ये इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या अभ्यासात केळं घातलेल्या स्मूदीनंतर शरीरात पोचलेली ही द्रव्यं 84 टक्क्यांनी कमी भरली. केळं वाईट ठरत नाही; ते दही-जवसाबरोबर घ्यावं आणि गडद रंगाची फळं वेगळी खावीत.

कुणासाठी काय

मूत्रपिंडाचा विकार, हृदयविकार किंवा वाढलेला रक्तदाब असलेल्यांनी मीठ घातलेली पेयं आणि पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं. मधुमेहींसाठी ताक, आंबील आणि बिनसाखरेचं लिंबूपाणी ठीक. पन्हं आणि स्मूदी मोजून. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला जुलाबातल्या ओआरएसखेरीज यातलं काहीच नको, आईच्या दुधात उन्हाळ्यापुरतं पाणीही असतं. अशक्त, लोह कमी असलेल्या मुलींनी जेवणाबरोबर चहा टाळून लिंबू पिळलेलं पाणी घ्यावं. चहातलं टॅनिन लोह अडवतं आणि लिंबातलं क जीवनसत्त्व ते शोषायला मदत करतं.

उन्हात कुणी बरळू लागलं, अंग तापलं, शुद्ध हरपू लागली, तर तोंडात काहीही ओतू नये. पेय श्वासनलिकेत जाऊ शकतं. सावलीत आडवं करावं, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि 108 ला फोन करावा.

वर्षाचा क्रम मग आपोआप बसतो. थंडीत अंबाडीच्या पाकळ्या वाळवून डबे भरायचे आणि नवी चिंच बिया काढून मिठात साठवायची. होळीनंतर ताक आणि आंबील, चैत्रापासून कैरी आणि बेल, नवतपात दर पंधरा-वीस मिनिटांचा पाण्याचा पेला आणि डब्याबरोबर ताकाची बाटली. मृग लागला की उन्हाचा धोका उतरतो आणि दूषित पाण्याचा चढतो. विहिरींत पहिल्या पावसाचं गढूळ पाणी शिरतं, जुलाबाच्या तक्रारी वाढतात. तेव्हा पाणी उकळून घेणं, कापून ठेवलेली फळं आणि उघड्यावरचा बर्फ टाळणं आणि ओआरएस हाताशी ठेवणं ही कामं पुढे येतात. आशाताईंकडे ओआरएसची पाकिटं मोफत मिळतात. पावसाळा सुरू होण्याआधी त्यातली दोन प्रत्येक घरात असावीत, आणि शेजारी लिटरच्या मापाची एक स्वच्छ बाटली.